बाबा म्हणतात, ‘हा बेसूर गातोय’

पत्र थोडक्यात असं आहे. डोंबिवलीच्या एक ताई, वय ४७, बँकेत नोकरी. घरात नवरा, १९ वर्षांचा मुलगा आणि ७८ वर्षांचे वडील. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हापासून वडील यांच्याकडेच राहतात. रेल्वेतून रिटायर झालेले, आयुष्यभर भजनी मंडळात पेटी वाजवलेली, नाट्यसंगीताचं वेड. आता दिवसभर खोलीत मोबाईल कानाला लावून जुन्या मैफिली ऐकत बसतात. मुलगा कॉलेजच्या बँडमध्ये ड्रम वाजवतो. नवरा ‘गाणं लागलं की पॉपकॉर्न आणायला उठणारा’ (ताईंचे शब्द). घर जरा एकत्र यावं म्हणून ताईंनी ठरवलं की महिन्यातून एकदा सगळ्यांनी थेटरात जाऊन गाण्याबजावण्याचा सिनेमा बघायचा. पहिल्याच वेळी बट्ट्याबोळ झाला. संगीतप्रधान मराठी सिनेमा होता, वडिलांनी अर्ध्या तासात कानातलं मशीन काढून खिशात टाकलं, ‘हा बेसूर गातोय’ म्हणाले आणि इंटरव्हलला घरी चला म्हणून बसले. मुलगा फोनवर, नवरा दोनदा बाहेर. तिकिटं, रिक्षा, खाणं धरून अडीच हजार गेले. आता त्या विचारतात, बाबांना नवीन काही आवडतच नाही का? चौघांनाही आवडतील असे दहा म्युझिकल सिनेमे सुचवा, नाहीतर हा नाद सोडून देऊ का? आणि पत्राच्या अगदी खाली एक ओळ आहे, ‘मीही मध्यमा पूर्णपर्यंत शिकले होते, मग राहिलं.’ (मध्यमा पूर्ण ही शास्त्रीय गाण्याची परीक्षा.)

ताई,

नावं भरपूर देते, पण दहाची यादी मागू नका, का ते कळेल. आधी बाबांच्या त्या वाक्यापाशी थांबू.

‘बेसूर गातोय’ हे तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंय, म्हातारं माणूस कुरकुरतंय अशा सुरात. ते जर ‘रटाळ आहे’ किंवा ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ असं म्हणाले असते तर मीही तसंच धरलं असतं. पण पन्नासेक वर्षं पेटीवर बोटं फिरवलेला माणूस सुराबद्दल बोलतोय, ते असं सोडून देऊ नका. आता सिनेमातलं गाणं, त्यातून शास्त्रीय ढंगाचं, स्टुडिओत चार वेळा गाऊन घेतात, तरी कुठे सूर हलला असेल तर कॉम्प्युटरवर सरळ करतात, त्यामुळे पडद्यावरचा माणूस अर्धा तास बेसूर गातोय हे जरा कठीणच. मग बाबा उगाच बोलले का? मला वाटतं त्यांना खरंच बेसूर ऐकू आलं.

माझ्या आत्याचं हेच झालं होतं. मशीन बसवल्यावर बोलणं छान कळायला लागलं, पण गाणं नकोसं झालं. म्हणायची तंबोरा थरथरतो, बासरी फाटते. आम्ही सगळे, हो हो, वय झालं आता. दीड वर्ष तिने गाण्याच्या कार्यक्रमांना जाणंच सोडलं. मग एका चेक-अपला ती स्वतःच बोलली तेव्हा तिथल्या ऑडिओलॉजिस्टने सांगितलं की ही मशिनं मुळात बोलणं ऐकू यावं म्हणून बनवलेली असतात. पंख्याची, एसीची घरघर असा सलग चालणारा आवाज आला की ती मशिनं त्याला कचरा समजून दाबतात. त्यात मशीन कधीकधी स्वतःच कुईं करून शिट्टी मारतं ना, ती थांबवायची एक सोय आत असते, आणि त्या सोयीला शिट्टी आणि लांबवलेला सूर यातला फरक नेहमी कळतोच असं नाही. बासरी, तंबोरा, आलाप, धरून ठेवलेला षड्ज, हे सगळं त्या बिचाऱ्याला शिट्टीसारखंच वाटतं, मग ते तो सूर खोडायला जातं आणि सूर हलतो, कधी दुहेरी होतो. वर थेटरातला आवाज इतका मोठा की मशीन तो आतल्या आत आवळतं, तिथे आणखी फाटतो.

आणि तुम्हीच लिहिलंय की घरी ते ‘मोबाईल कानाला लावून’ ऐकतात. तेव्हा मशीन कानात असतं की टेबलावर? बघा एकदा. टेबलावर असेल तर त्यांना नवीन आवडत नाही हा तुमचा निष्कर्ष बराचसा गळून पडतो, त्यांना जुनं मशीनशिवाय ऐकू येतं आणि नवीन मशीनमधून, इतकाच फरक असेल.

तपासायचं कसं, तर घरात पेटी आहे ना? बाहेर काढा. तुम्ही भाता मारा, एकच पट्टी दाबून सूर दहा सेकंद धरून ठेवा, बाबांना आधी मशीन घालून ऐकू दे, मग काढून. काढल्यावर बारीक येईल पण सरळ येतो का, आणि घातल्यावर हलतो का, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणीच सांगणार नाही. हलत असेल तर ज्यांच्याकडून मशीन घेतलं त्यांना जाऊन सांगा की आम्हाला गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम सेट करून हवाय. बऱ्याच मशिनांत तो असतो किंवा टाकता येतो, आपण मागत नाही म्हणून कुणी देत नाही. मी काही डॉक्टर नाही, कदाचित कानात मळ असेल, सेल उतरला असेल, किंवा सिनेमाच भिकार असेल. पण अडीच हजारांची दुसरी फेरी करण्याआधी दहा सेकंदांची ही टेस्ट फुकट आहे. (आत्या आता थेटरात मशीन काढूनच बसते, तिला तेवढा आवाज पुरतो, डायलॉग कमी पडले तर खालची सबटायटल्स वाचते. तुमच्या बाबांना किती कमी ऐकू येतं त्यावर आहे हे.)

आता दुसरी गोष्ट, चौघांनी एकत्र. हे कुठून आलं हो? माझ्या लहानपणी आम्ही अकरा जण एका सिनेमाला जायचो, डबा घेऊन, त्यात कोण काय बघतंय याला महत्त्वच नसायचं, जाणं हाच कार्यक्रम. तसं हवं असेल तर कुठलाही सिनेमा चालेल, सर्कसही चालेल. पण तुम्ही गाण्याचा सिनेमा म्हणताय, आणि गाणं ऐकायला चार वेगळ्या कानांना एका रांगेत बसवताय, तेही जबरदस्तीने. मी तुमच्या जागी असते तर जोड्या लावल्या असत्या. एक महिना बाबा आणि मुलगा, एक महिना तुम्ही आणि नवरा, कधी तुम्ही आणि बाबा. तिकिटं दोनच, भांडण निम्मं, आणि घरी राहिलेल्या दोघांना काय झालं ते विचारायला विषय मिळतो.

नवऱ्यापासून सुरू करते कारण तो सोपा आहे. गाणं लागलं की उठणं हा त्याचा दोष नाही, आपल्या बऱ्याच सिनेमांनी त्याला हेच शिकवलंय. बोलपट आले तेच गात आले, १९३१ च्या ‘आलम आरा’त सात गाणी होती आणि पुढच्याच वर्षीच्या ‘इंद्रसभा’त सत्तरच्या आसपास, तेव्हापासून गाणं असणं गृहीतच, आणि कित्येक सिनेमांत गोष्ट थांबते, गाणं होतं, गोष्ट परत चालू होते. तिथे उठलं तर काही बिघडत नाही. पण काही सिनेमांत गोष्टच गाण्यात घडते. ‘कट्यार काळजात घुसली’ घ्या, २०१५ चा. दोन घराण्यांचं भांडण कुठे होतं, सवाल-जवाबात, सम गाठण्यात, एकाने घेतलेली जागा दुसऱ्याने उलटवण्यात. तिथे पॉपकॉर्नला गेलेला माणूस परत येतो तेव्हा हारजीत होऊन गेलेली असते. हे त्याला आधीच सांगून न्या, शपथेवर सांगते उठणार नाही. आणि त्याला हेही विचारा की ‘सैराट’ला ‘झिंगाट’ लागलं तेव्हा कुठे होतास? तेव्हा गावोगाव लोक पडद्यापुढे जाऊन नाचत होते, चिल्लर उधळत होते. त्या सिनेमाचं वाद्यवृंदाचं रेकॉर्डिंग अजय-अतुलनी लॉस एंजलिसला जाऊन केलं होतं, पण थेटरात नाचणाऱ्याला त्याचं काय. तोही संगीताचाच सिनेमा, फक्त अंगाने ऐकायचा. नवऱ्यासाठी तसलेच निवडा, ‘नटरंग’ कुठे परत लागला तर सोडू नका, ढोलकी मोठ्या हॉलमध्ये छातीत वाजते.

बाबांच्या बाबतीत मात्र सगळे जे करतात तेच तुम्ही केलंत असं वाटतंय. नाट्यसंगीत आवडतं ना, मग नाट्यसंगीतावरचा नवा सिनेमा. पण त्यांच्या कानात मूळ बसलंय! ‘कट्यार’ नाटक १९६७ चं, अभिषेकीबुवांचं संगीत, खाँसाहेबांच्या कामात वसंतराव देशपांडे, ज्याने ते ऐकलंय त्याला नवा सिनेमा म्हणजे अडीच तासांची परीक्षा घेणं, इथे ही तान कमी, तिथे ती जागा गेली. काही जणांना मजा येते त्यातही, पण करमणूक म्हणून नेत असाल तर त्यांना पाठ नसलेलं काहीतरी द्या. ‘मी वसंतराव’ चालेल, २०२२ चा, नातवाने, म्हणजे राहुल देशपांड्यांनी, आजोबांचं काम केलंय. गाणं आहेच, पण मिलिटरी अकाउंट्सची नोकरी करत, बदल्या झेलत गाणं सांभाळलेला माणूस हा त्याचा गाभा आहे, आणि रेल्वेत आयुष्य काढून पेटी सांभाळलेल्या माणसाला ते वेगळं लागेल. मराठीबाहेरही बघा. सत्यजित रायांचा ‘जलसाघर’, १९५८ चा, संगीत विलायत खाँसाहेबांचं, बेगम अख्तर स्वतः पडद्यावर गातात, कंगाल होत चाललेला जमीनदार मैफिलीपायी घर फुंकतो. बंगाली कळायची गरज नाही. तेलुगूतला ‘शंकराभरणम’ तसाच, कर्नाटक संगीतातले बुवा आहेत, काळ बदलला म्हणून बाजूला पडलेले, तुमच्या बाबांना त्यांच्याशी बोलावंसं वाटेल. आणि ‘बैजू बावरा’, १९५२ चा, त्यातली शेवटची जुगलबंदी अमीर खाँ आणि आपले द. वि. पलुस्कर यांची, पलुस्कर त्यानंतर तीनच वर्षांत गेले, चौतिसाव्या वर्षी.

या जुन्या सिनेमांचा अजून एक फायदा, ज्याकडे कुणी बघत नाही. त्यांचा आवाज मूळचा मोनो, म्हणजे सगळा एकाच ठिकाणाहून, पडद्यामागून समोरून येतो. नव्या सिनेमात तो डावीकडून उजवीकडून डोक्यावरून येतो, तरुण कानाला मजा, पण मशीन घातलेल्या कानाला चहूबाजूंनी मारामारी. जुना सिनेमा त्यांना बरा वाटला तर त्यात फक्त आठवणीच नसतील, कानाला आरामही असेल.

‘संत तुकाराम’चं नाव घेतल्याशिवाय मला राहवत नाही. प्रभातचा, १९३६ चा, व्हेनिसच्या महोत्सवात नावाजलेला वगैरे सगळ्यांना माहीत असतं, पण बाबांना एक प्रश्न विचारा, ‘आधी बीज एकले’ कुणाचं? पैज लावा, ते म्हणतील तुकोबांचं, किती भजनी मंडळांत म्हणतात तसं. ते लिहिलंय शांताराम आठवल्यांनी, त्या सिनेमासाठी. माहीत असेल त्यांना, तर तुम्ही हरलात, चहा पाजा.

आता बाबा आणि नातू, ही माझी लाडकी जोडी. तुम्ही धरून चाललाय की यांना जोडणारा सिनेमा म्हणजे काहीतरी मध्यममार्गी, थोडं जुनं थोडं नवं. मी म्हणते सरळ ‘व्हिपलॅश’ला पाठवा, २०१४ चा, ड्रम शिकणारा पोरगा आणि त्याचा जीव काढणारा मास्तर. शिव्या खूप आहेत, मुलगा १९ चा आहे म्हणून सांगतेय, अठराच्या आतल्यांना ‘ए’ सर्टिफिकेटच्या सिनेमाला सोडत नाहीत, ज्यांची मुलं लहान आहेत त्यांनी तिकीट काढण्याआधी सर्टिफिकेट बघत जा. बाबांना इंग्रजी संवाद निम्मे कळतील पण लय कळेल. ‘घाई करतोयस की ओढतोयस’ यावरून तो मास्तर पोराला रडवतो, हे पेटीवाल्याला समजावून सांगावं लागत नाही. आणि असा गुरू योग्य की अयोग्य यावर त्या दोघांचं येताना ट्रेनमध्ये जे वाजेल ते मला ऐकायला आवडलं असतं.

दुसरं नाव ‘साउंड ऑफ मेटल’. ड्रमरच आहे, आणि त्याला ऐकू येईनासं होतं. त्या सिनेमात कितीतरी वेळ आपल्याला तेच ऐकू येतं जे त्याला येतं, आधी पाण्याखालून आल्यासारखं, आणि नंतर यंत्रातून येणारं पत्र्यासारखं, चिरकं. आवाजासाठी ऑस्कर मिळालंय त्याला. यातला इलाज बाबांसारख्या मशीनचा नाही, ऑपरेशन करून बसवलेल्या यंत्राचा आहे, पण तुमचा मुलगा हा सिनेमा बघून आजोबांच्या कानात काय चाललंय ते दोन तासांत समजेल, जे मी वर एवढं लिहूनही त्याला कळणार नाही. हा थेटरात सहज सापडणार नाही, कुठे महोत्सवात लागला तर जा, नाहीतर घरी चांगले हेडफोन लावून. मुलगा एकटा कुणाबरोबर जाणार असेल तर त्याला ‘स्टॉप मेकिंग सेन्स’ सांगा, १९८४ चा, नुसती कॉन्सर्ट आहे. रिकाम्या स्टेजवर एक माणूस गिटार आणि टेपरेकॉर्डर घेऊन येतो आणि मग गाण्यागणिक एकेक वादक वाढत जातो. बँड कसा बांधतात ते डोळ्यांनी दिसतं.

हे सगळं मिळणार कुठे, असं तुम्ही म्हणाल. जुने सिनेमे परत थेटरात लागायचं प्रमाण हल्ली वाढलंय, ‘रॉकस्टार’ २०२४ मध्ये परत आला, जुनी प्रिंट नीट केलेला ‘उमराव जान’ २०२५ च्या जूनमध्ये. पण ते आठवडाभर टिकतात न टिकतात, म्हणून बुधवार-गुरुवारी ॲपवर एक नजर टाकायची सवय लावा, नवे शो त्याच सुमाराला दिसायला लागतात. मराठीचंही तेच, पुढच्या शनिवारी बघू म्हटलं की पुढच्या शनिवारी शो असतो सकाळी नऊचा नाहीतर नसतोच. पहिल्या तीन दिवसांत जा. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारखी फिल्म सोसायटी आहे, पुण्यात लॉ कॉलेज रोडला फिल्म अर्काइव्हचं थेटर आहे, चित्रपट महोत्सव म्हणाल तर पुण्याचा ‘पिफ’ साधारण जानेवारीत आणि गोव्याचा ‘इफ्फी’ नोव्हेंबरात, ‘जलसाघर’सारखं काही बघायचं तर अशाच ठिकाणी. गोव्याला बाबांना घेऊन जायचं असेल तर दिवसाला एकच सिनेमा, मी एकदा पाच बघितले आणि नंतर कुठलं गाणं कुठल्या सिनेमातलं तेच आठवेना. शिवाय मल्टिप्लेक्सवाले छोटा हॉल ग्रुपला देतात, भजनी मंडळातले वीस-पंचवीस जण जमले तर माणशी फार पडत नाही, फक्त त्यांच्याकडे कुठले सिनेमे दाखवायला मिळतात ते आधी विचारा, आपण पेनड्राईव्ह घेऊन गेलं आणि लावलं असं चालत नाही, हक्कांचा प्रश्न असतो.

बाकी बारीकसारीक. दुपारचा शो घ्या. सीट मधल्या भागात, पडद्यापासून साधारण दोन तृतीयांश मागे, तिथे आवाज सगळ्यात नीट लागतो, भिंतीला चिकटून बसलं की बाजूचा स्पीकर कानात ओरडतो. पण बाथरूमला उठावं लागत असेल तर रांगेच्या टोकाची, आवाज थोडा कमी चांगला चालेल, अंधारात पायऱ्यांवर सहा जणांचे पाय तुडवत जाणं नको. जाहिराती आणि ट्रेलर मूळ सिनेमापेक्षा जास्त कर्कश लागतात, त्यामुळे बाबांना घेऊन दहा मिनिटं बाहेर बसा, उशीर झाला म्हणून धावपळ करायची ती आपली जुनी सवय. शाल. मशीनची डबी, खिशात नुसतं टाकलं की हरवतं. आणि आवाज सहन होत नसेल तर बाहेर जाऊन सांगा, कधीकधी कमी करतात, मी करायला लावलाय.

राहता राहिलं ते पत्राच्या तळाशी असलेलं वाक्य. बाबांना काय आवडतं ते तुम्ही दोन पॅरा लिहिलंय, मुलाचं एक पॅरा, नवऱ्याचे तर विनोदही आहेत. तुम्हाला काय बघायचंय ते कुठेच नाही. मध्यमा पूर्ण म्हणजे पाच परीक्षा दिल्यात, तेवढं काही कुणी सहज ‘राहिलं’ म्हणून सोडत नाही. तुमच्यासाठी मी ‘द डिसायपल’ काढून ठेवलाय, चैतन्य ताम्हाणेचा, २०२० चा. मुंबईतला एक मुलगा वर्षानुवर्षं रियाज करतो, गुरूची सेवा करतो, आणि तरी त्याचं गाणं होत नाही. रात्रीच्या रिकाम्या रस्त्यांवर बाईक आणि मागे तंबोऱ्याचा सूर, असे लांबच लांब शॉट आहेत. काही लोकांना भयंकर कंटाळवाणा वाटतो, माझी एक मैत्रीण अर्ध्यात उठली. मी दोनदा बघितला आणि दुसऱ्या वेळी मला जास्त त्रास झाला. ज्याने गाणं शिकून सोडलंय त्याने हा एकट्याने बघावा, पहिल्या वेळी तरी, बरोबर कुणी असलं की आपण त्यांना कंटाळा येतोय का हेच बघत बसतो. मोठ्या पडद्यावर मिळाला तर सोन्याहून पिवळं, नाही मिळाला तर एखाद्या रविवारी त्या तिघांना बाहेर पाठवा, सर्कशीला पाठवा हवं तर.

नाद मात्र सोडू नका. आणि पेटीची टेस्ट केलीत की कळवा काय झालं ते, कुठली पट्टी धरली होती तेही.